कुशावतीच्या काठाने, तंबूसकट

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. डिसेंबरात दोन रात्री बाहेर काढायच्या आहेत. छोटी गाडी आहे, मुलाचा तंबू आहे. समुद्र नको, हायवे नको. जुन्या रस्त्यांनी जुनी देवळं, गुहा बघत जायचंय. सासूबाई म्हणतात, कुर्डीही करून या. तंबू कुठे ठोकावा? मुलगा सत्तरी तालुक्यातलं रान सुचवतोय.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, आधी कुर्डी निकालात काढतो. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा हा गाव ऐंशीच्या दशकात साळावली धरणात गेला. पाणी आटलं की एप्रिल-मेमध्ये वर येतो. डिसेंबरात नुसतं पाणी बघाल. सासूबाईंना मेमध्ये वेगळ्या न्या. तिथलं महादेवाचं देऊळ मात्र दगड दगड सुटा करून धरणाजवळ आणून बसवलंय, ते बारा महिने बघायला मिळतं.

तुमच्यासाठी माझ्या मते दक्षिण गोव्यातल्या कुशावती नदीकाठचा रस्ता. मडगावहून चांदर, केपे, तिळामळ, झांबावली, रिवण, नेत्रावळी. मी या बाजूला वर्षानुवर्षं बस चालवलीय. सरळ दामटली गाडी तर दोन तासांत संपेल, म्हणूनच दोन दिवस द्या.

चांदरला लोक मोठे वाडे बघतात नि निघतात. तुम्ही कोटाची जागा विचारा. गोव्याच्या कदंबांची आधीची राजधानी चंद्रपूर ती इथेच. 1929 साली इतिहास संशोधक फादर हेरास यांनी इथे खोदकाम केलं. आता विटांचा पाया नि मुंडकं नसलेला नंदी एवढंच उरलंय. फलक वाचायला पाच मिनिटं, नंदीपाशी बसायला अर्धा तास धरा. केप्यात नदीकाठी 1787 चा पाद्रीचा वाडा आहे, आधी विचारून गेलात तर आत सोडतात. रिवणच्या बौद्ध गुहांना बॅटरी घ्या. आत अंधार नि वाकून चालायचं, गुडघे कुरकुरत असतील त्या मैत्रिणीला बाहेरच बसवा.

सगळ्यात जास्त वेळ रिवणजवळच्या उसगाळीमळला. नदीकाठच्या जांभ्या कातळावर शंभराहून जास्त आकृत्या कोरलेल्या आहेत, त्या 1993 मध्ये अभ्यासकांच्या नजरेत आल्या. वशिंडाचे बैल, हरणं, मोर, आणि एक गोल चक्रव्यूह, माणूस आडवा पसरला तरी बाजूला जागा उरावी एवढा. पण बाई, दुपारी बारा वाजता गेलात तर लाल खडक बघून परत याल. ऊन तिरकं हवं. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, म्हणजे रेषेच्या एका कडेला सावली पडते नि बैल उठून दिसतो. उजेड कमी पडलाच तर बाटलीतलं पाणी रेषेवर हळूच सोडायचं, ओला भाग काळपट होतो. खडूने रेषा भरून फोटो काढणारे महाभाग भेटतात; तुम्ही त्यातल्या नसालच. चप्पल काठावर काढून ठेवा.

आता तंबू. नेत्रावळी, मोले ही अभयारण्यं, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे मुक्काम नाही. कातळाच्या सड्यावर झोपायचा विचारही करू नका, फुरशांची जागा ती. आणि मुलाला सांगा, सत्तरीत 2015 पासून माकडतापाच्या केसेस सापडल्यात. तो पसरतो गोचिडांमुळे, नि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. रानात पाचोळ्यावर लोळायची हौस तिथे नको.

पहिली रात्र झांबावलीला. दामोदराच्या देवळाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरायच्या खोल्या, आहे. देव मूळचा मडगावचा. पोर्तुगीजांच्या काळात देवळं पाडली गेली तेव्हा इकडे आला. आपल्याकडे अग्रशाळा होती म्हणून पिढ्यानपिढ्या लोक बिनतंबूचे फिरले, हे तरुण मंडळी विसरतात. कमिटीला आधी फोन करा. महाजनांची, म्हणजे देवळाच्या मानकरी घराण्यांची, गर्दी असेल तर खोली मिळणार नाही, आणि आत मासळी-मटण काढायचं नाही. बांगडा खायचाच तर केप्यात खाऊन घ्या.

दुसरी रात्र नेत्रावळीला, एखाद्या कुळागरात. माडा-पोफळींच्या बागेत राहायची सोय करणारी घरं तिथे आहेत. तंबू त्यांच्या अंगणात ठोका. चुकून पोफळीखाली ठोकलात तर झावळ अंगावर येईल. सकाळी गोपीनाथाच्या देवळाशेजारची बुडबुड्यांची तळी बघा, पाण्यातून बुडबुडे अखंड वर येत असतात. टाळ्या वाजवल्या की जास्त येतात म्हणतात. मला फरक दिसला नाही, तुम्ही वाजवून बघा.

स्टोव्ह न्या, पण पेटवायचा तो अंगणातच. पर्यटनस्थळी उघड्यावर शिजवलं तर 2019 पासून दंड आहे, तेव्हा तो एकट्याला 2000 नि घोळक्याला 10000 रुपये ठरला होता. तिघी म्हणजे घोळकाच धरतील. पेट्रोल केप्यातच भरा, रोख पैसे जवळ ठेवा. रिवणच्या पुढे मोबाईलला रेंज येते-जाते, तेव्हा स्कॅन करून पैसे देण्यावर विसंबू नका. खाणीचे ट्रक समोर आले तर बाजूला थांबून वाट द्या. हॉर्नची झटापट करू नका, ते काही थांबत नाहीत. आणि रात्रीचं गाडी चालवणं टाळा. दिवेलागणीच्या आधी मुक्कामाला पोचलात तर यजमानीणबाई चहा नक्की करील, उशीर झाला तर कुत्री आधी येतील.