बी.एस्सी. करून एमबीबीएसला गेलं तर ती तीन वर्षं वाया जातात का?

तुम्ही विचारलंय की नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला प्रवेश घेतलाय, पण डॉक्टरच व्हायचंय, तर ही तीन वर्षं कामी येतील का. मी याच वाटेने आले. आधी बी.एस्सी., मग नीट, आणि आता एमबीबीएसची इंटर्नशिप चालू आहे.

प्रवेश मिळवायला पदवीचा उपयोग जवळजवळ नाही. आपल्याकडे बी.एस्सी.वाल्यांना वेगळ्या जागा नाहीत, पहिलं वर्ष माफ होत नाही, अभ्यासक्रमही अकरावी-बारावीचाच. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, ते जमले. फिजिक्सच्या १८० गुणांनी मात्र मला रडवलं, कारण तीन वर्षं पुस्तकाला हात लावला नव्हता. तुम्ही रोज तासभर तरी गणितं सोडवत राहा. वयाची वरची मर्यादा २०२२ मध्ये काढली आहे, तेव्हा ती धास्ती नको.

खरं कामी आलं ते प्रॅक्टिकल. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू रंगवून ओळखण्याची पद्धत) करताना मी अल्कोहोल जरा जास्त वेळ ठेवलं आणि जांभळे दिसायला हवेत ते जिवाणू गुलाबी दिसले. मॅडमनी स्लाइड परत करायला लावली, आणि शेजारी स्टॅफिलोकोकसची एक स्लाइडही रंगवायला सांगितली. हा जिवाणू जांभळाच दिसायला हवा, म्हणून तो जांभळा दिसला तरच दुसऱ्या स्लाइडवर विश्वास ठेवायचा, असा त्यांचा नियम होता.

मागच्या महिन्यात वॉर्डात तापाच्या एका आजोबांचा ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तात जिवाणू वाढतात का ते पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला. एकाच बाटलीत कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस. हा जिवाणू आपल्या त्वचेवर राहतो, म्हणून रक्त घेताना तिथूनच बाटलीत गेलेला असू शकतो. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो औषधाचा नव्हता. दुसऱ्या हातातून घेतलेल्या बाटलीत काय आलं, हा होता. ती कोरी होती. मी रेसिडेंट सरांना सांगितलं, त्वचा नीट स्वच्छ करून पुन्हा रक्त घेतलं, आणि त्यात काहीच वाढलं नाही. आजोबांचं एक जड अँटिबायोटिक वाचलं.

लघवीच्या नमुन्याचंही तसंच. एक मिलिलिटरमध्ये एक लाखाच्या वर जिवाणू आले की सहसा संसर्ग धरतात. पण मे महिन्यात नमुना तीन तास टेबलावर राहिला तर हा आकडा बाटलीतच फुगतो. प्लेटवरच्या कॉलनी (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) मी स्वतः बोटाने मोजल्या आहेत, म्हणून उशीर होणार असला की नमुना आधी फ्रिजमध्ये ठेवते.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्री हलकी गेली. अ‍ॅनाटॉमी मात्र सगळ्यांइतकीच कोरी होती, तिथे बी.एस्सी.चा काडीचाही आधार नाही.

म्हणून एकच सांगते, जर्नलमध्ये सीनियरचे आकडे उतरवू नका. तुमच्या प्लेटवर जेवढ्या कॉलनी येतील तेवढ्याच लिहा, चुकीच्या वाटल्या तरी, आणि का चुकल्या ते मॅडमना त्याच दिवशी विचारा.