बोहोलला बायकोच्या माहेरी कायमचं जायचं म्हणताय, तर...

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बायको फिलिपिन्सच्या बोहोल बेटावरची, माहेर कार्मेनजवळ, दोघंही दोह्यात नोकरीला, मुलगा सहा वर्षांचा. नोकऱ्या सोडून तिच्या गावी जाऊन राहायचा विचार आहे. गाव केवढं, वस्ती किती, आपल्यासारखा माणूस तिथे टिकेल का? मी 2019 पासून कार्मेनच्या अलीकडे बातुआनमध्ये राहतो, सासुरवाडीत. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण ‘टिकेल का’ हे वाचलं आणि बसलो लिहायला.

व्हिसा, एसीआर कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), दरवर्षी सुरुवातीच्या साठ दिवसांत द्यायची हजेरी हे सगळं इमिग्रेशनच्या साइटवर आहे, ते तिथेच वाचा. परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, हेही ठाऊक असेलच. आमचं घर सासूबाईंच्या जागेत, शेत मेहुण्याच्या नावावर, माझ्या नावावर एक मोटारसायकल. पहिलं वर्ष याचं काही वाटत नाही. छपराला पत्रे टाकायचे की स्लॅब, यावर चार लोकांत चर्चा सुरू झाली आणि आपलं मत कोणी विचारलंच नाही, की मग वाटतं.

आता गाव. बातुआन बोहोलच्या पोटात आहे. बेटावरचं असून समुद्राचा काठ नाही. बोहोलची राजधानी ताग्बिलारान, तिथून पन्नासेक किलोमीटर. लोबोक, बिलार करत रस्ता चढतो, बिलारच्या अलीकडे महोगनीचं लावलेलं दाट जंगल लागतं, मग भाताची खाचरं आणि त्यांच्यात मधेच उभ्या चुनखडीच्या गोल टेकड्या. त्याच ‘चॉकलेट हिल्स’, पोस्टरवरच्या. कार्मेन, बातुआन, साग्बायान अशा गावांतून मिळून बाराशेच्या वर आहेत. कोरड्या दिवसांत त्यांवरचं गवत करपून तपकिरी होतं म्हणून ते नाव. पर्यटक तासभर थांबतो, फोटो काढतो, जातो. आपण राहिलो तर आपल्याला दिसतं ते निराळं: किटलीच्या तळाशी बसलेला पांढरा थर, कारण पाणी चुनखडीतून येतं. पाऊस आपल्या कोकणासारखा चार महिने कोसळून मोकळा होत नाही, वर्षभर अधूनमधून येत राहतो. मासळी सकाळी किनाऱ्यावरून मोटारसायकलवर खोक्यात येते. उशिरा उठलात तर सुकटीवर भागवा.

क्षेत्रफळ 79 चौरस किलोमीटर, बरांगाय 15. बरांगाय म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीएवढा कारभार; कुठलाही दाखला हवा असेल तर सुरुवात तिथून. त्यातल्या एकाचं नाव ‘बिहाइंड द क्लाउड्स’ आहे, थट्टा नाही, सरकारी कागदावर असंच लिहितात. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 14 हजारांच्या थोडी वर, 2015 पेक्षा वाढलेली.

या वाढलेल्या आकड्यावर जाऊ नका, एवढंच सांगायला खरं तर हे सगळं लिहितोय. मी संगमेश्वरचा. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये चक्क घटली, कारण मुंबईला गेलेला माणूस मुंबईत मोजला जातो. इथे तसं नाही. परदेशात कामाला गेलेला माणूस ठरावीक वर्षांत परतणार असेल तर त्याला घरच्यांतच धरतात. त्यामुळे कागदावर गाव भरलेलं आणि प्रत्यक्षात दुपारी रस्त्यावर आजी, नातवंडं आणि कोंबडे. मधली पिढी सेबूला, मनिलाला, आखातात. 2024 च्या मोजणीला एक मुलगी टॅबलेट घेऊन आमच्या ओसरीवर आली. घरात कोण कोण? सासूबाईंनी सगळ्यांत आधी माझ्या बायकोचं नाव सांगितलं. ती तेव्हा दुबईत होती. आजही आहे.

हो, हे वर सांगायला हवं होतं. 2019 ला आखातातून परतलो ते दोघं मिळून. 16 डिसेंबर 2021 च्या रात्री ओडेट वादळ आलं, अर्धं छप्पर गेलं, वीज आमच्याकडे थेट फेब्रुवारीत आली. नाताळ मेणबत्तीवर झाला. 2013 च्या भूकंपाच्या गोष्टी सासूबाई सांगायच्याच, आता त्यांत ही भर. साठवलेले पैसे दुरुस्तीत गेले. मी एका दुबईच्या कंपनीचे हिशेब घरून लिहायचो, इंटरनेटच नाही म्हटल्यावर ते कामही अर्ध्यावर आलं. तिला जुन्या ठिकाणाहून फोन आला आणि 2022 च्या मध्याला ती गेली. आमच्या गावी अशा बायका मी लहानपणी पाहिल्यात, नवरा मुंबईला आणि ही सासूबरोबर, पोरं सांभाळत, महिन्याच्या पैशांची वाट बघत. फक्त त्या जागी आता मी आहे. तुमच्या बायकोशी यावर आधी बोला. गावी पैसे कसे येणार, आणि नाहीच आले तर दोघांपैकी कोण परत जाणार? उत्तर बहुतेक ‘ती’ असंच निघेल, कारण तुम्हाला परत घेणारं कोणी असेलच असं नाही.

शाळेचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तो सल अजून गेलेला नाही. मुलगी शारजात इंग्रजी शाळेत होती, वाचायची छान. इथे दुसरीत घालायला गेलो. जन्मदाखल्यावर तिच्या नावापुढे माझं नाव, मग आडनाव, आपली नेहमीची पद्धत. इथे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. त्यामुळे पासपोर्टावरची मुलगी वेगळी आणि शाळेला हवी ती वेगळी. नोटरीकडून ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र केलं, एका खिडकीवर चाललं, पुढच्या खिडकीवर नाही. तुमच्या मुलाचा जन्म फिलिपिनो वकिलातीत अजून नोंदवला नसेल, तर नावाचं काय ते आत्ताच ठरवा. इथे आल्यावर कोर्टाच्या गोष्टी सुरू होतात.

आणि भाषा. तेव्हा तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायचा नियम होता, म्हणजे इकडच्या बिसाया भाषेतून. कल्पना उत्तम आहे, ज्याची ती मातृभाषा आहे त्याच्यासाठी. माझ्या मुलीला बाईंनी बिसायातल्या एका गोष्टीवर प्रश्न विचारले, ती गप्प. ‘पहिलीत बसवू या.’ माझ्यासमोर, तिच्यासमोर. बाई वाईट नव्हत्या, वर्गात पोरं भरपूर, वेळ कुणाला? वर्ष संपतंय तोवर कोविड आला, शाळा दोन वर्षांच्या वर बंद, आणि दर आठवड्याला शाळेतून छापील मॉड्यूलचा गठ्ठा आणायचा, भरून परत द्यायचा. तो बिसायात. मला वाचून कळेना, बायको बाजारात. शेवटी सासूबाई स्वयंपाकघरात कमुंगाय, म्हणजे आपला शेवग्याचा पाला, निवडता निवडता मुलीकडून पानं भरून घ्यायच्या. माझ्याकडे काम होतं पेन्सिलीला टोक करायचं. आता ती बिसाया अशी बोलते की तिला कुणी परकी म्हणणार नाही. मराठी समजते, पण माझ्या आईशी फोनवर ‘बरी आहेस का’च्या पुढे गाडी जात नाही. नियम 2024 मध्ये बदलला, मातृभाषेची सक्ती गेली. तुमच्या मुलाला कदाचित सोपं जाईल. हे लिहिताना चांगलं वाटायला हवं होतं.

एकटेपणाचं विचारलंय. असतो. कामाला लागलं की कमी होतो.

लोक चांगले आहेत. सुरुवातीला मोटारसायकलवरचा भारतीय म्हणजे हप्ते वसूल करणारा सावकार, असंच समजतात. पंजाबी मंडळींचा हा धंदा देशभर जुना आहे. मला पाहून एक शेजारीण महिनाभर दार लावून घ्यायची. शाळा उघडण्याआधी पालकांनी मिळून साफसफाई आणि रंगकाम करायची इथे पद्धत आहे, ‘ब्रिगाडा एस्क्वेला’. तिथे मी कोयत्याने कंपाउंडमधलं गवत कापलं, त्यानंतर ती दारात येऊन बसायला लागली. तुम्हीही पहिल्या वर्षी हे चुकवू नका, कोयता स्वतःचा न्या.

तूरडाळ मिळत नाही, मूग मिळतात. हिंग येताना घेऊन या, माझ्यासाठीही एक डबी आणा. आणि कायमचं यायच्या आधी सुट्टीत येऊ नका, फिएस्टाला, म्हणजे गावच्या जत्रेला तर नकोच, तेव्हा सगळी बाहेरगावची मंडळी आलेली असतात आणि गाव भरलेलं दिसतं. शाळा चालू असताना एखाद्या साध्या मंगळवारी या.