‘प्लेबॅक’मधला ‘बॅक’ कुठला?

प्रश्न असा आहे: गायक पडद्यामागून गातो म्हणून ‘प्लेबॅक’, आणि म्हणूनच मराठीत ‘पार्श्वगायन’, हे बरोबर का? सुरुवातीच्या हॉलिवूड संगीतपटांतल्या गाण्यांनाही पार्श्वगायन म्हणावं का?

दुसऱ्याचं उत्तर सरळ ‘नाही’. पहिल्याचं जरा गमतीचं आहे.

इथला ‘बॅक’ म्हणजे ‘मागून’ नव्हे, ‘परत’. मुद्रित झालेला आवाज परत वाजवायचा, तो प्लेबॅक. कोण गातं, कुठे उभं राहून गातं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. सिनेमात ही युक्ती रुजवण्याचं श्रेय बहुधा एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओच्या ‘द ब्रॉडवे मेलडी’ला (१९२९) देतात. त्यातलं ‘द वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल’ हे नाचगाणं चित्रित झालं, पण निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्गला ते नाटकातल्या प्रवेशासारखं सपाट वाटलं. परत चित्रित करायचं तर अख्खा वाद्यवृंद परत बोलवायला हवा. ध्वनिविभागाच्या डग्लस शिअररने सुचवलं की आवाज उत्तम उतरलाय, तोच कर्ण्यावर वाजवा आणि नाचणाऱ्यांना त्यावर नाचू द्या. शुद्ध काटकसर!

तोवर वादक त्याच सेटवर, चौकटीच्या जरा बाहेर बसून वाजवत. मायक्रोफोन कुठेतरी फुलांत लपवलेला. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघेही काचेच्या खिडकीच्या बंद खोक्यात, घामाघूम. कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

मला त्या गाण्यांची ओढ आहे ती यामुळेच. याच सिनेमाची सुरुवात बघा. संगीत प्रकाशकाच्या कचेरीत जो तो आपापलं वाजवतोय, नुसता कल्ला; त्यातून नट चार्ल्स किंग शीर्षकगीत उचलतो. कॅमेरा फारसा हलत नाही, चित्र म्हणून ते कंटाळवाणंच आहे. पण समोर माणूस खरोखर गातोय हे कानाला कळतं. आपल्याकडे ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतःच गायले, त्या गाण्यांतही हे सापडतं. अर्थात प्लेबॅकने दिलंही भरपूर. चित्रीकरणाच्या वेळी आवाज टिपायचाच नाही, मग घरघरीची भीती कशाला? कॅमेरा खोक्यातून सुटला नसता, तर ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’मध्ये (१९३३) नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कलीने तो थेट नर्तकींच्या डोक्यावर नेला नसता.

आता ‘पार्श्व’. संस्कृतात त्याचा अर्थ कूस, बाजू. मराठीत ‘पार्श्वभूमी’ने त्याला मागे ढकललं, आणि ‘पार्श्वभागा’बद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे ‘पार्श्वगायन’ हे ‘प्लेबॅक’चं शब्दशः भाषांतर नाहीच. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स या चित्रसंस्थेने १९३५ साली बंगाली ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्या ‘धूप छाँव’ या हिंदी आवृत्तीत जे सुरू केलं, गळा एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे, त्याचं ते नाव. त्या अर्थी चोख शब्द आहे, बदलू नये.

म्हणून चार्ल्स किंगबद्दल लिहिताना ‘थेट गायन’ म्हणा, ‘पेंटेड डॉल’साठी ‘मुद्रित गाण्यावर चित्रण’. हॉलिवूडमध्ये खरं पार्श्वगायन हवं असेल तर ‘माय फेअर लेडी’ (१९६४) घ्या: चेहरा ऑड्री हेपबर्नचा, बहुतेक गाण्यांत गळा मार्नी निक्सनचा. श्रेयनामावलीत मात्र निक्सनबाईंचं नाव नव्हतं.