सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही : जुन्या डिझेल ट्रकबद्दल वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की जुन्या ट्रकवाल्यांची पत्रं वाढतात. या वेळी त्यातली चार घेतली आहेत. ट्रक सुरू होत नसेल तर पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी बघा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. सेल्फ (स्टार्टर मोटर) कसा फिरतो ते ऐका आणि त्याच वेळी कुणाला तरी सायलेन्सरच्या तोंडाशी उभं करा. सेल्फ जोरात फिरूनही धूर अजिबात नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. काळा धूर आला तर हवा कमी पडते, एअर फिल्टर बघा. पत्रात एवढं लिहिलंत तरी आमचं अर्धं काम होतं.

प्रश्न : सहा सिलिंडरचा, २४ व्होल्टचा जुना ट्रक आहे, लाइन पंपवाला (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला डिझेल पंप). कांद्याच्या खेपा चालू असल्या की दिवसभर एका सेल्फमध्ये सुरू होतो. रात्रभर उभा राहिला की सकाळी सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो. धूर येत नाही. हँडपंप (फीड पंपावरचा, हाताने डिझेल चढवायचा) मारला की लगेच पकडतो. एका गॅरेजमध्ये पंप उतरवून कॅलिब्रेट करून घेतला, त्रास तसाच आहे. थंडीचा परिणाम असेल का? – वाचक, निफाड

उत्तर : निफाडची थंडी कडक, हे मान्य. पण हँडपंप मारल्यावर जो ट्रक लगेच पकडतो, त्याचा आजार थंडीचा नाही. रात्री लाइनमध्ये एअर शिरते आणि डिझेल टाकीत परत उतरतं. पंप उतरवायची गरज नव्हती. तो सगळ्यात शेवटी काढायचा असतो, आणि आपल्याकडे नेमका तोच सगळ्यात आधी निघतो.

ही गळती डोळ्यांना का दिसत नाही ते आधी समजून घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) पाइप ओढीचा असतो. इंजिन चालू असताना तिथल्या बारीक फटीतून डिझेल बाहेर पडत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे जोड कोरडाच दिसतो. तुमची टाकी पूर्ण भरलेली असते तेव्हा त्रास कमी आणि पाव टाकीवर जास्त, असं होत असेल तर बोट याच बाजूकडे जातं.

खात्री करायला पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या. तो फीड पंपापेक्षा दोन-तीन फूट उंच टांगा आणि त्यातून नवीन रबरी पाइप थेट फीड पंपाला जोडा. एअर काढून ट्रक एकदा सुरू करा, बंद करा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पहिल्या सेल्फला पकडला आणि पुढे कुठे ओल नसेल तर दोष बहुधा टाकी आणि फीड पंपाच्या मधल्या पाइपात आहे. नाही पकडला तर फीड पंपाच्या पुढे बघा. कॅनमधलं डिझेल आता वरून दाब देतं, त्यामुळे पुढे कुठे फट असली तर सकाळी तिथे ओल दिसेल.

दोष सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बँजो बोल्टखालचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर बघा. एकदा आवळलेला वायसर परत वापरला की बसत नाही, आणि चार वायसरांसाठी लोक काटकसर करतात. रबरी पाइप क्लिपच्या खाली चिरतो, तो क्लिप काढल्याशिवाय दिसत नाही. फीड पंपाच्या तळाच्या जाळीच्या वाटीचं पॅकिंग आणि हँडपंपाच्या दांड्याचं सील बघा. फीड पंपातल्या व्हॉल्व्हखाली कचरा बसला तरी डिझेल रात्री मागे उतरतं. फिल्टर नुकता बदलला असेल तर वरचा ओरिंग मुडपलेला नाही ना, ते उघडून बघा.

दुरुस्तीनंतर एअर काढताना क्रम पाळा. फिल्टरवरचा एअर स्क्रू एक-दीड आटे सैल करा आणि बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत हँडपंप मारा. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग पंपाच्या अंगावरच्या स्क्रूवर तेच करा. त्यानंतर हँडपंपाची मूठ खाली दाबून आट्यात पूर्ण आवळा. ती सैल राहिली तर तिथूनच नवी एअर शिरते. तरीही पकडलं नाही तर दोन-तीन नोझलांचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) पाइप नट अर्धा आटा सैल करा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि डिझेल उडायला लागलं की आवळा. तो पाइप उच्च दाबाचा असतो, त्यावर हात ठेवू नका.

एक जागा सगळेच विसरतात. धूर अजिबात नसला तर पंपावरची स्टॉपची (इंजिन बंद करायला डिझेल तोडणारी) दांडी बघा. स्टॉपची वायर गंजून अडकली की दांडी अर्ध्यावर राहते. मग लोक दिवसभर एअर काढत बसतात.

प्रश्न : सेल्फ जड फिरतो, 'घुर्र… घुर्र' करून थांबतो. दोनपैकी एक बॅटरी नवीन टाकली, महिन्यात परत तेच. सेल्फ बदलू का? – वाचक, सिन्नर

उत्तर : थांबा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन जी गरम होते त्याच्यावरच डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतीत निघून जाते. म्हणून सेल्फ फिरतोय एवढ्याने भागत नाही, त्याला वेग हवा.

बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडल्या की २४ व्होल्ट होतात. त्यातली एक म्हातारी आणि एक तरुण ठेवली की दोन्ही लवकर जातात. बदलायच्या तर जोडीने, एकाच क्षमतेच्या. आम्हाला मात्र तुमच्या पत्रात दुसराच संशय येतो. टेप, मोबाइल चार्जर किंवा केबिनचे दिवे एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून चालवले आहेत का? बऱ्याच ट्रकांत हे असतं. ती बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळते. तशी वायर असेल तर काढून टाका आणि २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

आता मल्टिमीटर घ्या. ट्रक रात्रभर उभा असताना प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना प्रत्येकीवर ९.६ च्या खाली जायला नको. एकीवर १०.५ आणि दुसरीवर ८ दिसत असेल तर दोषी कोण ते कळलं. मग मीटरची एक तार चेसीला जोडलेल्या बॅटरीच्या उणे खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती चेसीवरून सोडा, जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि परत आवळा. अधिकच्या बाजूलाही बॅटरी ते सेल्फ असंच मोजा. चालू इंजिनवर दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज २७.५ ते २८.५ व्होल्टमध्ये असली पाहिजे. कमी असेल तर आल्टरनेटर बघा.

एवढं ठीक निघालं तरच सेल्फ उतरवा, आणि आधी ब्रश आणि बुश तपासा. बुश झिजला की सेल्फचा फिरता गाभा, म्हणजे आर्मेचर, खाली घासतो आणि सेल्फ जड होतो. हे काम नव्या सेल्फच्या किमतीपेक्षा खूप स्वस्तात होतं. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

कधी कधी सेल्फ नुसता किरकिरतो आणि इंजिन फिरतच नाही. तेव्हा ट्रक गिअरमध्ये टाकून थोडा मागे-पुढे हलवा. मग पकडला तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना रिंगच्या साधारण तीनच जागी थांबतं, म्हणून दात तिथेच झिजतात.

प्रश्न : सकाळी छान सुरू होतो. कसारा घाट चढून हॉटेलवर वीस मिनिटं थांबलो की परत सुरू व्हायला जीव घेतो. रोटरी पंप (एकाच फिरत्या रोटरने सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणारा) आहे. – वाचक, अंबड

उत्तर : गरम झाल्यावरच अडणारा रोटरी पंप आतून झिजलेला असण्याची शक्यता जास्त. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या रोटरच्या कडेने निसटतं, म्हणून नोझल उघडण्याएवढा दाब तयार होत नाही. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना गार पाण्यात भिजवलेलं फडकं पंपाच्या डोक्यावर पाच मिनिटं गुंडाळा आणि सेल्फ मारा. पकडलं तर निदान पक्कं, पंप पंपवाल्याकडे द्या. पंपावर बादलीने पाणी मात्र ओतू नका, बाहेरचं अंग आकसून रोटर जाम होऊ शकतो. सेल्फच गरम झाल्यावर जड फिरत असेल, तर सिन्नरचं उत्तर वाचा.

प्रश्न : ट्रक मेपासून शेडमध्ये उभा आहे. द्राक्षांच्या हंगामासाठी काढायचा आहे. पांढरा धूर येतो, पकडत नाही. टाकीखाली शेकोटी करावी का? ईथर स्प्रे मारावा का? – वाचक, दिंडोरी

उत्तर : शेकोटी नको म्हणजे नकोच. टाकीचं झाकण, रबरी पाइप, वायरिंग यातलं काहीही पेटू शकतं. ईथरने इंजिन पकडतं, पण ईथर वेळेच्या आधी भडकतं आणि पिस्टनच्या रिंगा फोडतं. इनटेकमध्ये हीटर किंवा इंजिनात ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारा) असेल तर ईथर स्प्रे मारायचाच नाही.

तुमच्या टाकीत उन्हाळ्यातलं डिझेल आहे. आपल्या मानकानुसार थंडीत फिल्टर चोंदू न देण्याची डिझेलची मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे. मेमधलं डिझेल पहाटे मेण धरू शकतं, शिवाय सात महिन्यांत टाकीत पाणीही साचतं. टाकीच्या तळाचा प्लग उघडून पाणी आणि गाळ निघून स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, दोन्ही फिल्टर बदला, ताजं डिझेल भरा आणि निफाडच्या उत्तरात दिल्याप्रमाणे एअर काढा. पहाटेऐवजी अकरा-बाराच्या उन्हात सेल्फ मारा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका, पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

पांढरा धूर तरीही राहिला तर नोझल काढून दाब तपासून घ्या. जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात तो साधारण २०० बारच्या आसपास असतो, नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या पुस्तकात बघा. नोझल काढल्यावर कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन होणारा दाब) मोजून घ्या. एका सिलिंडरचं बाकीच्यांपेक्षा तीन किलोहून (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) जास्त कमी निघालं तर तिथे दोन चमचे इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या आहेत. तसाच राहिला तर टॅपेट आणि व्हॉल्व्ह तपासा.