पुराचा गाळ शेतात साचला तर सरकारकडून काय मिळतं?

प्रश्न कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातल्या दूधगंगाकाठच्या शेताचा आहे, तिथल्या हिशेबाने सांगतो.

पिकाची भरपाई वेगळी आणि गाळ काढण्याची मदत वेगळी, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०२२-२६ च्या आपत्ती निधीच्या निकषांत गाळाचा थर ३ इंचांपेक्षा जास्त असेल, तर अल्पभूधारकाला हेक्टरी १८,००० रुपये आहेत. पिकाच्या भरपाईसाठी मात्र नुकसान किमान ३३ टक्के हवं. मग कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,०००, तेही २ हेक्टरांपर्यंतच. ऊस कुजलेल्या माणसाला यात काय परवडणार, ते सोडा.

म्हणून पंचनामा होईपर्यंत गाळ हलवू नका. पट्टी लावून फोटो काढा, तलाठ्याला शेतात उभं करूनच थर मोजून घ्या. कर्नाटकात पैसे 'फ्रूट्स' या सरकारी शेतकरी नोंदणीवरून थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर गाडी तिथेच अडते. वारसनोंद आधी करा. अर्ज कन्नडमध्ये असतो, सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल, तर उपसून ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय पिऊ नका.