निकालाची वाट बघताना तानपुऱ्याला गवसणी घालू नकोस

चि. बाय हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. गाण्याच्या पदवीसाठी तीन ठिकाणी अर्ज केलेत, तिन्हीकडे प्रवेशपरीक्षेला गाऊन आलीस, आता दिवसातून दहा वेळा फोन उघडून बघतेस आणि गायला बसलीस की स्वर लागत नाही, असं लिहिलंयस. फोनवर बोलले असते तर दोन मिनिटांत तुला धीर देऊन मोकळी झाले असते. पण हा विषय दोन मिनिटांचा नाही, म्हणून कागद घेतला.

आधी त्या 'पुरे'बद्दल. तू विलंबित एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या तालात संथ लयीत, यमन राग मांडलास आणि चार मिनिटांत परीक्षकांनी 'पुरे' म्हणून थांबवलं. तेव्हापासून तू धरून बसलीयस की आपलं गाणं त्यांना आवडलं नाही. अगं, चार मिनिटांत विलंबित एकतालाची चार-पाच आवर्तनं होतात. मी स्वतः परीक्षकांच्या बाजूला बसलेली आहे. एका सकाळी चाळीस मुलं ऐकायची असतात. षड्ज तानपुऱ्यात मिसळतो की नाही हे पहिल्या आलापात कळतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना मूल घाईला येतं की श्वास राखून येतं, हे दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात कळतं. त्यानंतर ऐकायचं राहतं ते एवढंच, की पूर्वी न ऐकलेली जागा, म्हणजे स्वरांची एखादी खास वळणाची ओळ, या गळ्यात उतरते का. म्हणून तर त्यांनी तुला थांबवून स्वतः एक जागा गाऊन दाखवली आणि म्हणायला सांगितली. पहिल्या खेपेला तीव्र मध्यम चढा लागला, दुसऱ्या खेपेला जागा आली, असं तूच लिहिलंयस. ते दुसरं म्हणणं ऐकण्यासाठीच परीक्षक बसलेले असतात. तुला घेतील की नाही हे मी सांगू शकत नाही. प्रवेश थोड्यांनाच मिळतो आणि गाणारी मुलं पुष्कळ. पण त्या 'पुरे'त तू जो अर्थ वाचलास तो त्यात नव्हता.

आता निवडीचं. तिन्हीकडून होकार आला तर काय करायचं, असं विचारलंयस. वडोद्याचं नाव मोठं आहे आणि ते उगाच नाही. सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६मध्ये तिथं संगीतशाळा काढली, आज ते शिक्षण विद्यापीठाच्या विद्याशाखेत चालतं. पुण्याचं ललित कला केंद्र १९८७चं, आणि त्याच्या नावातच 'गुरुकुल' आहे. आणि तिसरं आपलं पणजीतल्या आल्तिनोवरचं सरकारी संगीत महाविद्यालय, जिथं तू सकाळी कदंबाच्या बसनं जाऊन संध्याकाळी घरी येशील. तुझ्या आईला हे तिसरं हवंय, बाबांना पुणं हवंय. आई ग्रामदेवतेकडे कौल लावून आली आणि उजवा कौल झाला, म्हणजे देवीनं होकार दिला, हे तिनं मला आनंदानं सांगितलं. तिच्या श्रद्धेचा मान ठेव. पण कौल कशासाठी लावला होता ते तिला एकदा नीट विचार. प्रवेश मिळावा म्हणून, की मुलगी जवळ राहावी म्हणून?

माझं मत स्पष्ट सांगते. संस्थेचं नाव आधी बघू नकोस. तुझ्यासमोर रोज बसणारं माणूस कोण असेल ते बघ. वर्गात बसवून गाणं शिकवण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी नाही. पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते १९०१ साली. त्यांनी आणि भातखंड्यांनी गाणं घराण्यांच्या दाराबाहेर आणलं नसतं, तर माझ्या-तुझ्यासारख्या घरातल्या मुलींच्या वाट्याला ते आलं असतं का, देव जाणे. त्यांचं ऋण मोठं आहे. पण वर्गातली घंटा पंचेचाळीस मिनिटांनी वाजते आणि मारव्यासारखा राग पंचेचाळीस मिनिटांत बसत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून ज्या संस्थेत घंटेनंतरही कुणी तुझ्यासोबत बसतं, ती संस्था चांगली.

हे माहितीपत्रकातून कळत नाही. त्यासाठी आधी न कळवता जा, आणि समारंभाच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी-बुधवारी अकराच्या सुमाराला जा. जिन्यात उभी राहून कान दे. एका खोलीतून तरी कुणी एकच तान पुन्हा पुन्हा घोटताना ऐकू येतंय का? गुरू मधेच थांबवून परत म्हणायला लावतात का? की नुसतीच वही उतरवून घेणं चाललंय? मग तिसऱ्या वर्षातली एखादी मुलगी गाठ, तिला चहा पाज आणि विचार. गेल्या महिन्यात तुला एकटीला किती वेळ मिळाला? रियाजाला खोली मिळते का, की वसतिगृहात गळा दाबून गावं लागतं? सराव करताना तबल्यावर कोण बसतं? शेवटचा प्रश्न विसरू नकोस. संगतकार नसेल तर मुलं मोबाइलवरच्या ठेक्यावर वर्षानुवर्षं गातात. तो ठेका कधी थोडा मागं राहून तुला सांभाळून घेत नाही, आणि मग मैफलीत माणूस समोर बसलं की गाणारीला घाम फुटतो.

आणखी एक. तू पाच वर्षं माझ्याकडे जयपूर घराण्याची गायकी शिकतेयस. तिथले गुरू दुसऱ्या घराण्याचे असले तर बिचकू नकोस, पण विचारून घे. 'आधीचं सगळं विसरून ये' असं म्हणणारे असतात, आणि 'आधीचं काय आहे ते गाऊन दाखव' असं म्हणणारेही असतात. या दुसऱ्या प्रकारच्या गुरूंकडे जा.

नोकरीचं म्हणशील तर थोडक्यात लिहिते, कारण बाबांना ते हवंय. विशारद ही गाण्याची परीक्षा आणि कॉलेजची पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझी त्याआधीची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय, विशारद चालू ठेव, पण शाळा-कॉलेजच्या जागेच्या जाहिरातीत पात्रता काय मागतात ते प्रत्येक वेळी शब्दन् शब्द वाचायचं. कॉलेजात शिकवायचं तर पुढं पदव्युत्तर पदवी आणि नेट ही पात्रता परीक्षा. आकाशवाणीची श्रेणी मिळाली तर कामाला येते, तिचीही वेगळी ध्वनिपरीक्षा आहे. म्हणजे गाऊन दाखवून निकालाची वाट बघणं या क्षेत्रात एकदाच होत नाही. तू आत्ता जे सोसतेयस ते पुढं अनेकदा येणार आहे, आणि म्हणूनच हे दिवस कसे घालवायचे ते आत्ताच शीक.

इथं मला मोगूबाई कुर्डीकरांची आठवण येते. कुर्डीचं नाव तू ऐकलंयस, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेला गाव. मे महिन्यात पाणी ओसरलं की तिथली जमीन वर येते आणि जुनी माणसं सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. त्या गावची ही बाई, जन्म १९०४चा. आई लहानपणी गेली. नाटक कंपन्यांत कामं करत करत त्या सांगलीला आल्या. तिथं त्यांचं गाणं जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर पडलं आणि त्यांनी आपणहून शिकवायला सुरुवात केली. एवढं भाग्य! पण खाँसाहेब मुंबईला गेले, मोगूबाई त्यांच्यामागून मुंबईला गेल्या, आणि तालीम तुटली. मधली कैक वर्षं खाँसाहेबांचं दार त्यांना बंद होतं. त्या काळात त्या घरी बसून राहिल्या नाहीत. आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, नंतर खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँसाहेब यांच्याकडे शिकल्या. गंडा बांधून अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या त्या फार पुढं. आज आपण त्यांना जयपूर घराण्याच्या थोर गायिका म्हणतो, किशोरीताई आमोणकरांच्या आई आणि गुरू म्हणतो. मला मात्र त्या बंद दाराच्या वर्षांतल्या मोगूबाई जास्त जवळच्या वाटतात. 'होकार आला की शिकेन' असं म्हणून त्या थांबल्या असत्या तर होकार आला तेव्हा गळ्यात काय उरलं असतं?

मी थांबले होते. हे तुला कधी सांगितलं नाही. बारावीनंतर मी बाहेरगावच्या एका संस्थेत गाऊन आले होते. महिनाभरानं पोस्टकार्ड आलं, दोन ओळींचं. पोस्टमननं ते माझ्याच हातात दिलं आणि मी ओसरीवर उभ्या उभ्या वाचलं. त्या दिवशी तानपुऱ्याला गवसणी, म्हणजे कापडी खोळ, घातली ती चाळीस दिवस काढली नाही. पावसाचे दिवस होते. आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊक आहे, पेटीतल्या कपड्यांनासुद्धा वास येतो. गवसणी काढली तेव्हा भोपळ्यावर पांढरी बुरशी होती, जोडीच्या तारा गंजलेल्या होत्या, आणि खुंट्या फुगून इतक्या घट्ट झाल्या होत्या की फिरेनात. ते सगळं आठवडाभरात ठीक झालं. गळा ठीक व्हायला चतुर्थी उलटली. मध्य सप्तकात आवाज होता, पण खरजात, म्हणजे खालच्या स्वरांत, उतरले की श्वास पुरेना, आणि जी जागा झोपेत म्हटली असती ती आठवून म्हणावी लागे. माझ्या गुरुजींनी एक शब्द विचारला नाही. त्यांनी भोपळा कोरड्या फडक्यानं पुसला, नवी तार चढवली, मणी सरकवून स्वर मिळवला, घोडीवर दोरा सारत सारत जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, उघडली आणि म्हणाले, "सा लाव." मग तीन महिने आम्ही जवळजवळ तेवढंच केलं. त्या संस्थेनं मला नाकारलं त्याचं दुःख आता उरलेलं नाही. ते चाळीस दिवस मात्र अजून लागतात, कारण ते माझे मी घालवले.

म्हणून तुला सांगते, हे पंधरा-वीस दिवस तुझ्या हातात आहेत. परीक्षेची तयारी संपली, कॉलेजचा अभ्यास सुरू व्हायचाय, असा मोकळा काळ पुढं कधी मिळेल कोण जाणे. पहाटे चाळीस मिनिटं खरज. फोन स्वयंपाकघरात आईजवळ ठेव, पत्र आलं तर ती हाक मारेल. यमन आता महिनाभर बाजूला ठेव, तो तुझ्या मनात त्या खोलीशी जोडला गेलाय. भूप राग घे. पाचच स्वर आहेत, लपायला जागा नाही, आणि मन शांत करणारा दुसरा इतका सोपा दिसणारा राग मला माहीत नाही. संध्याकाळी देवळात भजनाला जातेस ते सोडू नकोस. तिथं कुणी गुण देत नाही, आणि घुमटाच्या नादात आवाज आपोआप मोकळा होतो.

तिन्हीकडून नकार आला तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण मेसेजभर तेच आहे. तर वर्षभर माझ्याकडे आठवड्यातून चार दिवस ये, विशारदला बस, पुढच्या वर्षी पुन्हा गाऊन ये. बी.ए.ला नाव घालायचं असेल तर घाल, घरच्यांनाही बरं वाटेल. आई-बाबांशी मी बोलेन. आणि फक्त आल्तिनोचा होकार आला तर तोंड पाडू नकोस. घरचं जेवण, रविवारची माझी तालीम आणि कला अकादमीतली केसरबाई केरकरांच्या नावाची मैफल, हे तुला पुण्यात एकत्र मिळणार नाही. आल्तिनो आणि पुणं, दोन्हीकडचा होकार आला तर आपण बसनं पुण्याला जाऊन त्या जिन्यात उभ्या राहू. मी येते सोबत.

रविवारी चार वाजता ये. येताना तुझा तानपुरा घेऊन ये, रिक्षानं आण, बसमध्ये नको. गेल्या वेळी तुझा खरज मला बोदा वाटला होता, ती पितळी तार बदलायला झाली आहे. नवी मी आणून ठेवलीय. मिरग लागायच्या आत जवारीही काढून घेऊ.

तुझ्या,
बाई