'एआय आणि शाश्वतता' शिकायची, पण पाया कशाचा?

केज तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आहे : "मुलगी बारावी सायन्स, गणित गट. एका विद्यापीठात 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शाश्वत विकास' अशी चार वर्षांची नवी पदवी निघाली आहे. तिला तीच हवी. आम्हाला वाटतं, ना धड कॉम्प्युटर ना धड शेती, असं व्हायला नको. लाखभराचा लॅपटॉपही लागेल म्हणतात. काय करावं?"

नमस्कार,

तुमची शंका रास्त आहे आणि मुलीची ओढही. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपल्या भागातल्या पोरांनी या विषयात यायलाच हवं. फक्त पदवीच्या नावावर जाऊ नका. चारही वर्षांचा अभ्यासक्रम मागून घ्या. पहिल्या दोन वर्षांत रेषीय बीजगणित, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नीट शिकवत असतील तर पुढे बोलू. सगळे पेपर 'ओळख' आणि 'परिचय' याच नावाचे दिसले, तर प्रवेश घेऊ नका.

मग प्रकल्प कसा करून घेतात ते विचारा. खरी परीक्षा तिथे आहे. समजा, खरिपात कुठल्या शेतात सोयाबीन आणि कुठल्या शेतात कापूस, हे उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखायचं आहे. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी. त्यातला एक ठिपका 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. एकरभर रानाचे ठिपके चाळीसच, आणि बांधावरच्या ठिपक्यांत शेजाऱ्याचं पीक मिसळलेलं. जुलै-ऑगस्टात ढग आले की चित्र आंधळं होतं. तेव्हा ढगांतून आरपार पाहणारं सेंटिनेल-1 उपग्रहाचं रडार वापरावं लागतं. सोयाबीन काढल्यावरही त्यातली आंतरपिकाची तूर उभीच असते, हे कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला कुणीतरी सांगावं लागतं. उलट, एकाच शेतातले काही ठिपके मॉडेलला (उदाहरणांवरून पीक ओळखायला शिकणाऱ्या प्रोग्रॅमला) शिकवायला आणि उरलेले तपासायला घेतले, तर ते एकमेकांसारखेच असल्याने अचूकता फुगून दिसते, हे कृषीच्या विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही. तपासणीची गावंच वेगळी ठेवावी लागतात.

भूजलाचंही तसंच. बहुतेक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदाच मोजली जाते. तेवढ्या नोंदींवर कुणी दर आठवड्याचा अंदाज मांडला, तर तो अडवणारा भूजलाचा शिक्षक वर्गात हवा. म्हणून विचारा : प्रकल्पाला दोन विभागांचे शिक्षक मिळून गुण देतात का? गटात वेगवेगळ्या शाखांची मुलं असतात का? शिवारात जाऊन मोबाइलवर अक्षांश-रेखांश, पीक आणि तारीख टिपून आणावी लागते का? तिन्हीची उत्तरं 'हो' आली, तर ही पदवी चांगली.

तरी माझा कल सांगतो. कॉम्प्युटर अभियांत्रिकी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातली कृषी अभियांत्रिकी, अशी ओळखीच्या नावाची पदवी मुख्य ठेवावी आणि दुसरा विषय मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून घ्यावा. कारण साधं आहे : सरकारी जाहिरातीत पात्रता पदवीच्या नावाने लिहिलेली असते, आणि नवं नाव कागदपत्र तपासणीत अडकू शकतं. पुढे एम.टेक.साठी दोन्हीकडच्या वाटा खुल्या आहेत : गेट परीक्षेत पर्यावरणाचा पेपर 2021 पासून आहे, जिओमॅटिक्सचा (भूमापन आणि नकाशाशास्त्राचा) 2022 पासून, डेटा सायन्स आणि एआयचा 2024 पासून.

लॅपटॉपला लाख रुपये घालू नका. गूगल अर्थ इंजिनवर उपग्रह चित्रांची आकडेमोड गूगलच्या सर्व्हरवर होते, ब्राउझर आणि बरं इंटरनेट असलं की भागतं. नकाशांचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. 16 जीबी रॅमचा साधा लॅपटॉप चार वर्षं पुरेल. महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. मोठं मॉडेल शिकवायची वेळ आली तर कॉलेजचा सर्व्हर लागेल. तो आहे का, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना वापरू देतात का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.